दहा हजार पावलं कुणाची?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आरोग्याचे संकल्प वाटत सुटलेल्या तमाम हितचिंतकांशी! त्यात आमचे नातेवाईक आले, शेजारी आले आणि मनगटावरची ती शहाणी घड्याळंही आली.

मी वरळीत राहणारी, सत्तरी ओलांडलेली बाई. सीओपीडी नावाचा फुप्फुसांचा आजार सोबतीला आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी सांगतंच, "मावशी, रोज दहा हजार पावलं चाला, बघा कसं हलकं वाटेल!" दुसरा पक्ष याच्या बरोबर उलट. "आत्या, तुम्ही काही करू नका, नुसत्या बसून राहा." माझं म्हणणं असं की दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पस्तीस टक्क्यांच्या मुलाला "पहिला नंबर काढ" म्हणणारा मास्तर आणि "तू परीक्षेलाच बसू नकोस" म्हणणारा मास्तर, दोघेही सारखेच निरुपयोगी. दोघांनीही त्या मुलाची वही उघडून पाहिलेली नसते.

आधी दहा हजारांचा समाचार घेऊ. हा आकडा कुठल्या डॉक्टरच्या तपासणीतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीचा आकडा, आणि आपण तो वेदवाक्य मानला! २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडला नाही. ही गोष्ट सर्वसाधारण म्हाताऱ्यांची. आमच्यासारख्यांचं गणित आणखी वेगळं.

सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं कठीण. ती पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छातीत हवा साचत जाते. भरभर चाललं की हे साचणं वाढतं. म्हणून "जरा नेट लावा" हे इथे चालत नाही. आणि "बरी व्हा" हे ध्येयही खोटं, कारण गेलेलं फुप्फुस परत येत नाही.

मग बसून राहावं का? मुळीच नाही! धाप लागते म्हणून चालणं सोडलं की मांड्यांचे स्नायू रोडावतात, रोडावलेले स्नायू लवकर थकतात, आणि मग दारापर्यंत गेलं तरी धाप. देखरेखीखाली बेताबेताने व्यायाम करून घेण्याच्या पद्धतीवर ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली निघाला. ३,८२२ रुग्ण होते त्यात. धाप कमी झाली, थकवा कमी झाला, चालण्याची ताकद वाढली. तपासणाऱ्यांनी सांगून टाकलं की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही. इतका स्पष्ट निकाल वैद्यकात क्वचितच लागत असेल.

तेव्हा ध्येय हवंच, पण ते आजाऱ्याच्या श्वासातून निघालेलं हवं. डॉक्टर सहा मिनिटं चालायला लावतात आणि किती मीटर झाले ते मोजतात. त्यात तीसेक मीटरची वाढ म्हणजे खरीखुरी प्रगती मानतात. तीस मीटर! तुमच्या घड्याळाला ती कळणारही नाही. माझी यंदाची ध्येयं ऐका. एक मजला न बसता चढायचा, प्रत्येक पायरीला ओठांचा चंबू करून श्वास सोडत, जणू समोरच्या ज्योतीला हलवायचं पण विझवायचं नाही. सी-फेसवर एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, महिन्याला एक बाक वाढवायचा. पंप स्पेसर लावून नीट घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. पावसाळ्याआधी फ्लूची लस. कफाचा रंग बदलला की दुखणं अंगावर काढायचं नाही. झालं!

"पंपाची सवय लागते" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, चष्म्याचीही लागते. प्राणायाम जरूर करा, पण पंप सोडून नव्हे. आणि "पहाटे फिरा, हवा शुद्ध असते" हे मुंबईच्या हिवाळ्यात खरं नाही. तेव्हा पहाटे थंड हवेखाली धूर-धूळ जमिनीलगत अडकून राहते. उन्हं वर आली, समुद्रावरचं वारं सुटलं की ती पांगते.

आता मुख्य भांडण. मला लोक हमखास विचारतात, "तुम्ही कुठे विडी-सिगारेट ओढत होतात?" पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चुलीचा धूर, कामावरची धूळ, शहराची हवा, हे सगळं त्यात येतं. गिरणगावाला हे नव्याने सांगायला नको. कापसाच्या धुळीने सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळायची, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि तो कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात नोंदलेला आहे. केईएमच्या डॉ. कामतांनी लालबाग, चेंबूर, खार इथल्या लोकांची तपासणी करून हवा आणि आजार यांचं नातं १९८० साली छापून दाखवलं. गिरण्या गेल्या, आता त्यांच्या जागी टॉवर उठताहेत आणि धूळ आहेच.

मग ध्येयं एकट्या आजाऱ्यानेच का ठरवायची? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपलं राष्ट्रीय मानक ४० चं आहे, आठपट! महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांना पत्रे उभारा, पाणी मारा, ट्रक झाका असे नियम घातले. नियम चांगले आहेत. पण आमच्या रस्त्यावरून उघडा ट्रक गेला की माझी महिन्याची कमाई, म्हणजे एक बाक, त्या दिवशी तरी वजा होते. मी फुंकर घालत चढेन, पण ट्रक झाकणं माझ्या व्यायामात बसत नाही.

कुणी म्हणेल, लहान ध्येयांनी माणूस आळशी होतो. ज्याला जिना हाच डोंगर आहे त्याने रोज डोंगर चढायचा ठरवला, तर त्याला आळशी कोण म्हणेल?

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, पुढच्या फोनला "किती पावलं झाली?" विचारू नका. "या महिन्यात काय नवं जमलं?" असं विचारा. आणि तुमच्या गल्लीतल्या उघड्या ट्रकची तक्रार वॉर्ड ऑफिसात तेवढी नोंदवा. माझ्या तब्येतीसाठी काही करायचंच असेल तर हे करा.