गाण्याची बिदागी आणि करारनामा

तंजावरची राजकन्या 1880 साली सयाजीराव महाराज गायकवाड यांची राणी चिमणाबाई होऊन बडोद्यास आली, तेव्हा तिच्या आंदणात नर्तकी, नट्टुवनार आणि वादक यांचा एक ताफाही आला. दागदागिन्यांबरोबर कलावंत माणसेही सासरी पाठविण्याचा तो काळ होता. पुढे बडोदे संस्थानात कलावंतांचे स्वतंत्र खाते उभे राहिले. गवई, वादक, नर्तकी हे त्या खात्याचे पगारी नोकर झाले. उस्ताद फैयाज खाँ यांच्यासारखा गायकही दरबारच्या चाकरीत होता. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा आश्रय सरला. खाँसाहेबही 5 नोव्हेंबर 1950 रोजी निवर्तले. चाकरीत बंधने होती हे खरेच. परंतु मर्जी कोणाची राखावयाची आणि पगार कोणाकडे मागावयाचा, हे तरी कलावंतास ठाऊक असे.

आज त्याच बडोद्यात नवरात्रीच्या नऊ रात्री अफाट मैदानांवर गरबा रंगतो. मुख्य गायकाशी आयोजकांचे बोलणे होते, क्वचित कागदही होतो. मात्र त्याच्यामागे उभे राहून सूर धरणारे, ढोल वाजविणारे आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारे यांचा व्यवहार बहुधा तोंडी असतो. आपल्या किनाऱ्यावरही जत्रेतल्या नाटकाची गोष्ट निराळी नाही. विसार हाती पडला की 'पुढचे पाहून घेऊ' म्हणावयाचे आणि सामान गाडीत भरावयाचे!

तोंडी करार कायद्याने निरर्थक ठरत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. अडचण येते ती पुराव्याची. गंमत अशी की, 1872 च्या भारतीय करार कायद्यास कलावंताचे अगदीच वावडे नाही. त्याच्या उदाहरणांत एक गायिका आहे. दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री, दर रात्रीस शंभर रुपये, असे तिचे नाटकगृहाच्या चालकाशी ठरते. सहाव्या रात्री ती मुद्दाम गैरहजर राहते. चालकास करार मोडण्याची मुभा आहे. परंतु आधीच्या पाच रात्रींचे पैसे त्याने दिलेच पाहिजेत. 'मध्येच सोडून गेलात, आता काही मिळणार नाही' असे दरडावणाऱ्या आयोजकांनी हे उदाहरण वाचावे. दुसऱ्या उदाहरणात एका गायकास मैफलीचे हजार रुपये आगाऊ मिळतात आणि तो आजारी पडतो. बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याने द्यावयाची नाही, मात्र ते हजार रुपये परत करावयाचे.

न्याय म्हणून हे उचित दिसते. पण नवरात्रात पाऊस कोसळला आणि मैदानाचा चिखल झाला, तर? कोणाचाच दोष नसता कार्यक्रम अशक्य झाल्यास घेतलेला विसार परत मागण्यास कायदा वाव देतो. तोपर्यंत कलावंताने साथीदार बांधून ठेवलेले असतात, गाडीभाडे भरलेले असते, त्याच रात्रीचे दुसरे आमंत्रण नाकारलेले असते. काही खर्च पदरात पाडून द्यावयाचा की नाही, हे न्यायालयाच्या विवेकावर सोपविण्यापेक्षा पावसाचे एक कलम आधीच लिहून घेणे शहाणपणाचे नव्हे काय? तेथेच साथीदारांची रक्कमही नावानिशी पडावी.

'अन्यत्र गाणार नाही' या कलमाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. लंडनमध्ये 1852 साली योहाना वाग्नर या गायिकेच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की आम्ही तुला गावयास लावू शकत नाही. मात्र मुदतीत दुसऱ्या रंगमंचावर गाण्यास मनाई करू शकतो. आपल्या कायद्याचीही चाल तीच आहे. मुदत संपल्यावरही तोंड बंद ठेवण्याची अट मात्र करार कायद्याच्या 27 व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. ही अट कागदावर दिसली म्हणून वर्षभर घरी बसणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

सर्वांत मोठा घोटाळा ध्वनिचित्रमुद्रणाचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क नव्हता. चित्रपटातील अभिनयावर नटाला कॉपीराइट नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या प्रकरणात 1978 साली दिला. 1994 मध्ये कायदा बदलून हा हक्क आला आणि 2012 च्या दुरुस्तीने त्याला अधिक बळ मिळाले. प्रयोगाचे मुद्रण करण्यास कलावंताची संमती लागते, आणि हा हक्क 50 वर्षांचा आहे. तथापि नऊ रात्रींच्या बिदागीच्या पावतीत 'सर्व हक्क आयोजकांकडे' अशी एक ओळ घुसडली, की कलावंत आपण होऊन यातले बरेच काही गमावून बसू शकतो. गाणे मैदानावरून उठून घरोघरी पोहोचते. गायकाच्या घरी मात्र काहीच पोहोचत नाही.

मौलाबक्षांनी 1886 साली बडोद्यात गायनशाळा काढली. आज तेथील विद्यापीठात संगीत, नृत्य, नाट्य यांच्या पदव्या मिळतात. अशा पाठ्यक्रमांत करारनामा वाचावयास शिकविणारे चार तास असावेत, आणि राज्याच्या अकादमीने एका पानाचा नमुना-करार गुजराती व मराठीत छापून नवरात्रीच्या दोन महिने आधी वाटावा, अशी आमची सूचना आहे. छपाईचा खर्च एका मंडपाच्या रोषणाईइतकाही येणार नाही.