चालकाचा थांबलेला वेळ

ट्रकचे चाक फिरत नसते तेव्हा त्याचा चालक कोणाचा असतो? स्वतःचा की मालकाचा? प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासेल. परंतु आपल्या देशातील मालवाहतुकीचे अर्थकारण या प्रश्नाच्या एका सोयीस्कर उत्तरावर उभे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाकाठी ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ती १० व ५४ पर्यंत ताणण्याची मुभा दिली. मर्यादा उत्तमच. परंतु ‘कामाचे तास’ कशाला म्हणावे, ही व्याख्या वाचकांनी मुद्दाम पाहावी. गाडी धावण्याचा वेळ, गाडीशी वा मालाशी निगडित दुय्यम काम, आणि अखेरच्या थांब्यावरील नुसती हजेरी. मात्र ही हजेरी १५ मिनिटांहून कमी असेल तरच! सोळाव्या मिनिटापासून त्या माणसाचे काय होते, याविषयी व्याख्या मौन पाळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विसर्जित झाला. ती १५ मिनिटे मात्र जशीच्या तशी नव्या घरी राहावयास आली. जुना कायदा ५ कामगारांच्या उपक्रमाला लागू होत असे, संहितेला १० लागतात. ज्या देशात बहुसंख्य ट्रकमालक एक-दोन, फार तर पाच गाड्यांचे धनी आहेत, तेथे या बदलाचा अर्थ काय होतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी नको.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ९१ तर याहून मासलेवाईक आहे. चालकाच्या तासांची नोंद ठेवविण्याचा अधिकार ते राज्यांना देते. पण ही नोंद आधी निश्चित केलेल्या तासांची, प्रत्यक्ष झालेल्या कामाची नव्हे. आणि त्याच कलमात पुढे अशीही तरतूद आहे की, काम नसताही ज्याला गाडीवर वा गाडीजवळ राहणे भाग आहे, अशा चालकाचा तो काळ कोणत्या परिस्थितीत ‘विश्रांती’ समजावा, हे राज्य सरकारने ठरवावे. राहणे भाग आहे, आणि तरीही विश्रांती! मसुदा करणाऱ्याच्या लेखणीला दाद द्यावी की हात जोडावेत, हे कळत नाही.

आता हा गाडीजवळचा काळ प्रत्यक्षात कसा असतो ते पाहू. दिल्लीत दिवसा अवजड वाहनांना प्रवेशबंदी. सकाळी पोहोचलेला ट्रक रात्रीपर्यंत वेशीबाहेर उभा. बांगलादेशाच्या सीमेवरील पेट्रापोलला रांग दिवसेंदिवस हलत नाही. जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनरची पाळी, कारखान्याच्या फाटकाशी वजनकाट्याची पाळी, वखारीत हमालांची पाळी. या साऱ्या काळात चालक केबिनमध्ये ‘झोपलेला’ असतो. वास्तविक तो पहारेकरी असतो. डिझेलची चोरी झाली, ताडपत्री फाडून माल गेला, तर भरपाई त्याच्याच भत्त्यातून. रांग दोन हात पुढे सरकली की त्याला उठून गाडी पुढे घ्यावी लागते. ज्या झोपेतल्या चोरीची जबाबदारी झोपणाऱ्यावर आहे, ती झोप खासगी कशी?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील मर्म चटकन दिसेल. ज्या साधनाची किंमत शून्य, त्याची उधळपट्टी ठरलेली. चालकाला मोबदला मिळतो तो खेपेवर. थांबलेल्या तासाचे त्याला काही मिळत नाही. हॉल्टिंगचे पैसे पदरात पडलेच तर ते मालकाच्या. मग वखारवाल्याने दुसरा वजनकाटा का बसवावा? आणि गमावलेले तास चालक भरून काढतो तो रात्री, वेग वाढवून आणि झोप तोडून. २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात गेले. चालकाला घाई का झाली होती, असा रकाना नाही.

आम्हां सरकारी नोकरांचा नियम येथे आठवावा. आम्ही दौऱ्यावर निघालो की मुख्यालयाबाहेरील अनुपस्थितीचे तास मोजले जातात. बारा तास उलटले की पूर्ण दैनिक भत्ता. विश्रामगृहात घोरण्याचे तास त्यातून कोणी वजा करीत नाही. ते योग्यच आहे, कारण आम्ही तेथे स्वतःच्या हौसेने गेलेलो नसतो. मग चालक पेट्रापोलला सहलीस गेलेला असतो काय?

आक्षेप येतील. चालक थांब्यावर पत्ते खेळतो, असे म्हटले जाते. खेळेना का! अग्निशमन दलाचा जवानही दोन वर्द्यांच्या मध्ये खेळतो. दुसरा आक्षेप ‘इन्स्पेक्टर राज’चा. तो मी गंभीरपणे घेतो, कारण हाताने भरावयाची वही म्हणजे चिरीमिरीचे नवे निमित्त, हे मला ठाऊक आहे. परंतु वही हवी कशाला? ई-वे बिल मालाचा काळ मोजते. १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे, आणि मुदत टळली तर दंड आहे. त्यात गाडीचा क्रमांक असतो, चालकाचा रकाना नसतो. फास्टॅग गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली हे सेकंदासह सांगतो. मालाच्या वेळेची इतकी चाड असलेल्या शासनाला माणसाच्या वेळेचे वावडे असण्याचे कारण नाही.

युरोपात टॅकोग्राफवर गाडी चालविणे, इतर काम, उपलब्धता आणि विश्रांती अशा चार स्वतंत्र खुणा असतात. अमेरिकेत चालकाने गाडी खासगी कामासाठी वापरली, तर तो वेळ कामाबाहेर धरता येतो. मात्र अट अशी की, तो कामातून व कामाच्या सर्व जबाबदारीतून मोकळा झालेला असला पाहिजे. २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरविण्याची गरज बोलून दाखविली होती. २०२५ मध्ये नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. केबिन थंड झाली, तास तसेच राहिले.

राज्यांनी कलम ९१ खालील नियमांत एवढेच लिहावे : जोवर गाडी व माल यांची जबाबदारी दुसऱ्या कोणी लेखी स्वीकारलेली नाही, तोवर चालकाचा प्रत्येक तास कामाचा. ई-वे बिलात चालकाच्या परवान्याचा क्रमांक घालावा, आणि माल घेणाऱ्याच्या फाटकावर गाडी पोहोचल्याची व सुटल्याची वेळ नोंदवावी. दोहोंतील अंतर दोन तासांहून अधिक झाले, तर त्यापुढील हॉल्टिंगचा ठरावीक हिस्सा माल घेणाऱ्याने थेट चालकाच्या बँक खात्यात जमा करावा.