घराला नंबर नाही, म्हणून मत नाही?

"ओळखपत्र दाखवा, मत द्या. नियम सगळ्यांना सारखाच, मग अन्याय कसला?" असं विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाची २०१८ ची सिनेट निवडणूक समजून घ्यावी.

अख्ख्या राज्याची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. २०१२ साली डेमोक्रॅट हायडी हाइटकॅम्प तिथून तीन हजारांहून कमी मतांनी जिंकल्या. मूळनिवासी वस्त्यांनी त्यांना भरघोस मतं दिली होती. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने ओळखपत्राचा कायदा कडक केला. ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता हवा, पोस्ट बॉक्स चालणार नाही. पण मूळनिवासींच्या राखीव भूभागात कितीतरी घरांना नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. टपाल पोस्ट बॉक्सवरच येतं. वाद कोर्टात गेला. मतदानाला चार आठवडे उरले असताना, ९ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम राहू दिली.

घराला नंबर देणं हे काम कुणाचं? सरकारचं. ते सरकारने केलं नाही आणि शिक्षा मात्र मतदाराला! विषमतेवर सारखा नियम लादला की तो विषमताच पोसतो. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातल्या याच विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता.

मूळनिवासी रडत बसले नाहीत. त्यांच्या जमातींच्या कार्यालयांनी फुकट ओळखपत्रं छापली. टर्टल माउंटनमध्ये तर छपाईचं यंत्र तापून कार्डं वितळू लागली. हाइटकॅम्प सुमारे ११ टक्क्यांनी हरल्या, एवढी दरी या मतांनी भरणारी नव्हतीच. पण त्याच दिवशी फार्गोमध्ये रूथ बफेलो या मूळनिवासी महिलेने ओळखपत्र कायद्याच्या प्रायोजक आमदारालाच पाडलं. २०२० मध्ये राज्य सरकारला तडजोड करावी लागली. आता मूळनिवासी मतदाराने नकाशावर घराची जागा दाखवली तरी चालतं.

मित्रांनो, आपल्याकडे पालावर आणि पुलाखाली राहणाऱ्यांचं काय? कागद नसला तरी बेघराचं नाव यादीत येऊ शकतं. बीएलओने रात्री जागेवर जाऊन माणूस तिथे झोपतो का याची खात्री करायची, अशी निवडणूक आयोगाचीच सूचना आहे. किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? साउथबरो समितीपुढे १९१९ साली आपल्या मताधिकारासाठी साक्ष देणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. निवडणूक लागल्यावर सभा गाजवण्याआधी आपल्या वस्तीची मतदार यादी घरोघरी तपासा. यादीत नावच नसेल, तर भाषण कुणासाठी?

जय भीम!