सेलिन डिऑनची पहिली भाषा

आपल्याकडे सेलिन डिऑन म्हणजे ‘टायटॅनिक’चं गाणं. जेम्स हॉर्नरच्या चालीवरच्या त्या गाण्याला 1998 साली ऑस्कर मिळालं आणि ज्यांना इंग्रजी गाण्यांशी देणंघेणं नव्हतं त्यांनाही तो आवाज पाठ झाला. तिच्या यशाचा अर्थही मग ठरून गेला: छोट्या गावातल्या गुणी मुलीने इंग्रजीची वाट धरली आणि जग जिंकलं. माझ्या मते तिची कारकीर्द याहून वेगळं काही सांगते. इंग्रजीने तिला जगभर नेलं हे खरं. पण तिला गायिका म्हणून घडवलं आणि पुढेही घडवत ठेवलं ते फ्रेंचने.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या शार्लमान्य गावात 1968 साली जन्मलेली सेलिन चौदा भावंडांत धाकटी. तिचं पहिलं गाणं लिहिण्यात आईचा आणि एका भावाचा हात होता, अर्थातच फ्रेंचमध्ये. ते ऐकून तिचे व्यवस्थापक रने आंजेलील यांनी घर गहाण टाकलं आणि 1981 मध्ये तिचा पहिला अल्बम काढला. पुढच्याच वर्षी टोकियोच्या गीत महोत्सवात सुवर्णपदक आणि 1988 साली डब्लिनला स्वित्झर्लंडकडून युरोव्हिजन गीतस्पर्धेचं विजेतेपद, हे दोन्ही तिने फ्रेंच गाण्यांवर मिळवलं. पहिला इंग्रजी अल्बम आला 1990 मध्ये, म्हणजे जवळजवळ दशकभराच्या तयारीनंतर. त्याच वर्षी क्वेबेकच्या फेलिक्स संगीत पुरस्कारांत तिला इंग्रजी भाषक कलाकार म्हणून गौरवण्यात आलं, तेव्हा आपण इंग्रजी भाषक कलाकार नाही, असं सांगून तिने तो सन्मान नाकारला.

यावर कुणी म्हणेल, ही मायदेशातला श्रोता राखण्याची धोरणी खेळी होती. असेलही. पण खेळी एकदा खेळून संपते. सेलिन तीन दशकं दोन्ही भाषांत आलटून पालटून अल्बम काढत राहिली. त्यातला 1995 चा, अमेरिकेत ‘द फ्रेंच अल्बम’ नावाने निघालेला, फ्रेंच भाषेतला आजवरचा सर्वाधिक खपाचा अल्बम मानला जातो. गीतकार-संगीतकार जाँ-जाक गोल्डमन यांनी त्यात तिला आवाज आवरायला लावला. चढा, लांबवलेला सूर ही तिची ओळख झाली होती. इथे ती जवळ बसून बोलल्यासारखी गाते. तिची गाणी भडक भावुक असतात, असा आक्षेप समीक्षक वर्षानुवर्षं घेत आले आहेत. तिच्या काही इंग्रजी गाण्यांबाबत तो मान्य करावा लागेल. मात्र हा अल्बम ऐकल्यावर तो तिच्या साऱ्या गाण्याला लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्रेंच ही काही दुबळी भाषा नव्हे. तिच्यामागे फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडचा श्रोता उभा आहे, म्हणून हे सेलिनला परवडलं. हे खरंच आहे. परंतु उत्तर अमेरिकेत क्वेबेकचे फ्रेंच भाषक चहूबाजूंनी इंग्रजीने वेढलेले आहेत आणि आपलं गाणं टिकावं म्हणून तिथे जाणीवपूर्वक व्यवस्था उभी केली गेली. कॅनडातल्या फ्रेंच रेडिओ केंद्रांना लोकप्रिय संगीतातली किमान 65 टक्के गाणी फ्रेंचच वाजवावी लागतात. फेलिक्स पुरस्कार 1979 पासून दिले जातात. परतण्यासाठी जागा होती, म्हणून परतता आलं. एकट्या कलावंताच्या भाषाप्रेमावर एवढी लांबची मजल मारता आली नसती.

स्टिफ पर्सन सिंड्रोम या दुर्मीळ मज्जाविकाराने सेलिनचा गळाच धरला होता. दीर्घ खंडानंतर 26 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ती आयफेल टॉवरवर उभी राहिली आणि गायली ती एदित पियाफचं फ्रेंच गाणं. जगाने तेही तितक्याच आदराने ऐकलं. तेव्हा जगात पोचायचं तर घरची भाषा सोडावी लागेल का, हे गुणी मुलांना विचारणं आपण थांबवावं. त्या भाषेत उत्तम गाणी लिहिणारे, ती वाजवणारे आणि पैसे मोजून ऐकणारे आपण तयार ठेवले आहेत का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.