संशय घ्या, पण तहकीकही करा

13 सप्टेंबर 2022 रोजी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, लवंगा गावात, उत्तर प्रदेशच्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. पोलिसांनी चौकशी केली, तर ते खरेच साधू निघाले. वर्षभराने, 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री, सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला.

दोन्हीकडे चूक एकच. संशय येणे गैर नाही. पोलिसांचा तपासही संशयावरूनच सुरू होतो. पण कामाचा अंदाज तपासता येतो आणि चुकला तर सोडता येतो. अनोळखी माणूस म्हणजे चोर, अकाउंटवर नाव त्याचे म्हणजे पोस्टही त्याचीच, आणि एकाने लिहिले म्हणजे सगळी कौम गुन्हेगार, ही दलील नव्हे, नुसती उडी आहे.

हाच नियम आपल्यालाही लागू. पुरावा नसताना प्रत्येक वेळी ‘अकाउंट हॅक झाले’ म्हणणे हीसुद्धा उडीच. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर आधी पडताळून घेण्याचा हुकूम आहे. फॉरवर्ड करण्याआधी आपण एवढेच विचारू या: हे खोटे असेल तर कशावरून कळेल? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरलेले बरे.