दारू सुटली, संशय सुटत नाही

व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा उभे राहू द्यावे, हे तत्त्व अमेरिकन राज्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. 31 डिसेंबर 1970 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ज्या मद्यासक्तीविषयक कायद्यावर सही केली, त्याचे प्रवर्तक सिनेटर हॅरल्ड ह्यूज स्वतः दारूच्या विळख्यातून सुटलेले होते. केवळ पूर्वीच्या व्यसनापायी कोणाला केंद्र सरकारची मुलकी नोकरी नाकारता येणार नाही, असे त्या कायद्याने बजावले. मात्र त्याच कलमात पुढे पळवाट होती: हे संरक्षण सीआयए, एफबीआय आदी संस्थांत लागू नाही आणि खातेप्रमुखाने ‘संवेदनशील’ ठरविलेल्या कोणत्याही पदालाही नाही!

या ‘संवेदनशील’ शब्दाचा पैस केवढा? वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन येथे ट्रायडंट पाणबुड्यांच्या दुरुस्तीचा नौदलाचा तळ होता. तेथील यच्चयावत पदे संवेदनशील. टॉमस ईगन हा कामगार 1981 मध्ये तेथे मजुरांचा मुकादम म्हणून लागला. 1983 मध्ये त्याला सुरक्षाविषयक मंजुरी नाकारली गेली आणि मंजुरी नाही म्हणून नोकरीही गेली. त्याच्यावरील आक्षेप सगळेच पोकळ होते असे नाही. मारहाणीची व बेकायदा बंदूक बाळगल्याची शिक्षा त्याला झालेली होती. त्याआधीच्या दोन शिक्षा त्याने अर्जात नमूद केल्या नव्हत्या. पण नौदलाने त्यांच्या जोडीला आणखी एक बाब मांडली. आपल्याला पूर्वी दारूचा त्रास होता व शिक्षेचे अखेरचे 28 दिवस आपण व्यसनमुक्तीच्या उपचारात काढले, असे ईगनने स्वतःच सांगितले होते. ज्या उपचाराबद्दल पाठ थोपटायची, तोच आरोपपत्रात जाऊन बसला. गेली तीन वर्षे दारूचा प्रश्न उरलेला नाही, असे त्याने कळविले, वरिष्ठांचे अनुकूल अभिप्राय जोडले. व्यर्थ!

23 फेब्रुवारी 1988 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला: अशी मंजुरी हा कोणाचाही हक्क नव्हे आणि ती नाकारण्याची कारणे योग्य की अयोग्य, हे तपासण्याचा अधिकार सरकारी नोकरांच्या अपील मंडळाला नाही. गुपिते हाताळणाऱ्याची चौकशीच नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु मालकानेच फिर्याद करायची, मालकानेच निवाडा द्यायचा, याला चौकशी म्हणतात काय?

पुढच्याच वर्षी जॉन टॉवर यांचे प्रकरण गाजले. संरक्षणमंत्रिपदासाठी नाव सुचविले गेलेल्या या माजी सिनेटरने, मंत्री झालो तर दारूला शिवणार नाही, अशी दूरचित्रवाणीवर प्रतिज्ञा केली. 9 मार्च 1989 रोजी सिनेटने 53 विरुद्ध 47 मतांनी त्यांना नाकारले. (शस्त्रास्त्र कंपन्यांचे सल्लागार म्हणून त्यांनी मिळविलेल्या पैशापेक्षा त्यांच्या पेल्याचीच चर्चा अधिक झाली, हे त्या राजधानीला शोभणारेच.) टॉवर हरले, पण सर्वांदेखत, आपली बाजू देशापुढे मांडून. मुकादमाच्या वाट्याला आले ते एक पत्र.

आज नियमांची भाषा सौम्य झाली आहे, हे खरे. 1953 च्या आयझेनहॉवर यांच्या आदेशाने अतिरेकी मद्यपान आणि कम्युनिस्टांशी संबंध एकाच यादीत गुंफले होते. तो आदेश 2017 मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी अमलात आलेल्या नव्या निकषांत उपचार पूर्ण करणे, पुन्हा व्यसनाकडे न वळणे या गोष्टी उमेदवाराच्या बाजूने धरल्या आहेत. पण त्याच निकषांत असेही वाक्य आहे की, शंका उरल्यास ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवावी. आता व्यसनमुक्तीइतकी शंकेला वाव देणारी गोष्ट दुसरी कोणती? उद्या पिणार नाही, याचा पुरावा आज कोण आणणार? मग नोकरी टिकवू पाहणारा माणूस उपचाराच्या दारात जाण्याऐवजी बाटली लपवू लागला, तर सुरक्षा वाढली की घटली? संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडील कामगारांना सुनावणी मिळते, अपीलही करता येते. पण ते अपील मंडळ त्याच खात्याच्या छपराखाली बसते. मंजुरी नाकारण्याच्या कारणांबद्दल खात्याबाहेर दाद मागण्याचे दार ईगनच्या निकालाने लावले, ते अद्याप उघडलेले नाही.