गाठ लहान असतानाच

दुपारच्या विसाव्यात मांडीवर पहुडलेल्या मांजरीच्या पोटावरून हात फिरविताना बोटांना वाटाण्याएवढी गाठ लागते. मांजरीचे खाणेपिणे, खेळणे नेहमीसारखेच असते. साहजिकच घरात ठरते, “दिवाळीची गर्दी आटोपू द्या, मग पाहू.” हुंडीची मुदत न चुकविणारी घरेही येथे चुकतात, कारण या मुदतीची तारीख कोठेच लिहिलेली नसते.

मांजरीला साधारणतः स्तनांच्या चार जोड्या असतात. त्यांत उद्भवणाऱ्या गाठींपैकी सुमारे ८० ते ९० टक्के कर्करोगाच्या असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ २ सेंटिमीटरांहून लहान असेल, तर अनेक मांजरी पुढे तीन वर्षे किंवा अधिक जगतात. तीच ३ सेंटिमीटरांपलीकडे गेली, की बहुतेकींचे आयुष्य वर्षभरातच संपते. वाटाणा आणि सुपारी यांतील अंतर म्हणजे आयुष्याचीच वर्षे होत.

शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्य रक्ततपासणी करतात, काखेतील व जांघेतील लसिकाग्रंथी पाहतात आणि रोग फुप्फुसांत गेला आहे काय हे जाणण्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात. नंतर केवळ गाठ न काढता त्या बाजूची स्तनांची संपूर्ण रांग काढली जाते, कारण मागे राहिलेल्या ग्रंथींत रोग पुन्हा डोके वर काढतो. दोन्ही बाजू काढावयाच्या असल्यास पुष्कळदा काही आठवड्यांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया होतात. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासून घेणे अगत्याचे आहे. जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, ती चाटू नये म्हणून मांजरीच्या गळ्यात कॉलर ठेवावी लागते. वेदनाशामक औषध पशुवैद्यानेच द्यावे. घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीच्या जिवावर बेतते.

“मुक्या जिवाला कशाला कापायचे?” असे घरातील वडीलधारी माणसे कळवळून म्हणतात. त्यामागील करुणा खरी असते. परंतु तशीच सोडलेली गाठ पुढे फुटते, चिघळते आणि रोग फुप्फुसांत पोहोचला की श्वास घेणेही कठीण होते. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेची वेदना औषधाने आटोक्यात ठेवता येते. त्या अखेरच्या यातना आवरणे फार अवघड असते. रोग आधीच पसरला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा आग्रह न धरता वेदना कमी करणे हीच खरी सेवा होय.

सर्वांत स्वस्त उपाय आरंभीच हाती असतो. सहा महिन्यांच्या आत निर्बीजीकरण केल्यास या रोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत केल्यास सुमारे ८६ टक्क्यांनी घटतो. ती वेळ टळून गेलेल्या घरांनी निदान महिन्यातून एकदा काखेपासून जांघेपर्यंत मांजरीचे पोट बोटांनी चाचपून पाहावे. गाठ लागली, तर त्याच आठवड्यात पशुवैद्याकडे जावे. दिवाळीची गर्दी दरवर्षी येते.